गुडघा कोणाचा?

सोनईत नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. फरशीवर अरमंडीत उभ्या असलेल्या एका मुलीचा चेहरा वेदनेने आक्रसला, तेव्हा शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, "दुखू दे, सवय होईल." आम्हीही गप्प राहिलो. ते मौन आम्हांला अजून बोचते.

गुडघे बाहेर वळवून अर्धे बसावयाचे, ही भरतनाट्यममधील अरमंडी. शरीररचनाशास्त्र सांगते, की हे वळण खुब्यातून यावे. तो उखळीचा सांधा, सर्व बाजूंस फिरणारा. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा. खुबा वळत नसता पावले जबरीने फाकविली, की सारा पीळ गुडघ्यावर येतो.

मग हाडांचे ज्ञान दिले, की काम संपले काय? प्रत्येकीच्या खुब्याची घडण निराळी. ओढ नेमकी कोठे बसते, हे त्या मुलीखेरीज कोणास कळणार? हालचालीचा उगम शोधण्यासाठी इझाडोरा डंकन हात छातीशी धरून तासन्‌तास निश्चल उभी राही, असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' स्थापणाऱ्या रोहिणी भाटे यांनी ते आत्मचरित्र मराठीत आणले, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

मात्र आतली जाणीवही फसविते. ऑस्ट्रेलियन नट एफ. एम. अलेक्झांडर (१८६९-१९५५) याचा आवाज रंगमंचावर बसे. आरशात पाहता त्याला आढळले, की आपण डोके नीट धरले आहे असे वाटत असतानाही ते मागे खेचले जात होते. अंगवळणी पडलेली चूक बरोबरच वाटते! म्हणून 'तुला कसे वाटते?' एवढे विचारून शिक्षकाची सुटका होत नाही.

सेमिनरीत आम्ही थॉमस अक्वायनसकडून शिकलो, की आत्मा शरीरात भाडेकरूसारखा राहत नाही; तो शरीराला रूप देणारे तत्त्व आहे. (परीक्षेत हे उत्तर आम्ही बिनचूक लिहिले होते.) म्हणजे गुडघा दुखतो तेव्हा ती मुलगीच दुखावते. ते दुखणे नाकारावयास शिकविणे म्हणजे तिला स्वतःशी खोटे बोलावयास शिकविणे नव्हे काय?

आमच्या ऊसपट्ट्यातील पालक म्हणतील, कष्टाविना काय मिळते? खरे आहे. पण मोळी वाहणाऱ्यालाही मांड्या भरून येणे आणि सांध्यात कळ उठणे यांतला भेद कळतो. नाचणाऱ्या मुलीलाच तो का कळू नये?

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंशी बोललो. त्यांनी मुलीला खुब्यावर हात ठेवून, तो वळेल तेवढेच वळावयास सांगितले. नाताळच्या रात्री रांगेत ती इतरांपेक्षा चार बोटे उंच दिसत होती.