जुनीं शस्त्रें आणि संग्राहकाचा धर्म

संग्रह करणें ही मनुष्याची जुनी आणि बहुधा निरुपद्रवी हौस आहे. कोणी नाणीं जमवितो, कोणी तिकिटें, कोणी हस्तलिखितें. नाण्यांचा संग्राहक तें नाणें कोणाकोणाच्या हातांतून गेलें, त्यापायीं कोणाचें घर सावरलें वा बुडालें, ह्याचा विचार करीत बसला नाहीं तरी त्याला कोणी दोष देत नाहीं. परंतु संग्रहाची वस्तु जेव्हां शस्त्र असते, तेव्हां ही मोकळीक तशीच राहते काय? जी वस्तु माणूस मारण्याच्या एकमेव हेतूनें घडविली गेली, तिच्यावर प्रेम करावें, तिच्या नळीवरचे ठसे वाचावेत, तिचें लांकूड तेल लावून उजळावें, ह्यांत कांहीं गैर आहे काय? प्रश्न मोघम ठेवला कीं उत्तरहि मोघम येतें. म्हणून एक विशिष्ट उदाहरण घेऊनच त्याचा विचार करूं. तें उदाहरण रशियन सैन्याच्या जुन्या रायफलींचें आणि त्यांवर बसविलेल्या दुर्बिणींचें.

ह्या रायफलीचें सरकारी नांव ‘तीन रेषांची रायफल, नमुना १८९१’ असें होतें. रेषा म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन रेषा म्हणजे ७.६२ मिलिमीटर, तिच्या नळीचा व्यास. सेर्गेई मोसिन ह्या रशियन अधिकाऱ्याचा आणि लेओं नागां ह्या बेल्जियन शस्त्रकाराचा असे दोन नमुने स्पर्धेंत होते. मोसिनचा नमुना स्वीकारतांना नागांच्याहि कांहीं कल्पना त्यांत घेतल्या गेल्या. पण झार तिसरा अलेक्झांडर ह्यानें अधिकृत नांवांत कोणाचेंच नांव येऊं दिलें नाहीं. रशियाबाहेर मात्र ती ‘मोसिन-नागां’ म्हणूनच ओळखली जाते. तुला, इझेव्हस्क आणि सेस्त्रोरेत्स्क येथील कारखान्यांत ती घडली. प्रारंभीं फ्रान्समध्यें आणि पहिल्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतहि रशियासाठीं ती तयार झाली. एकंदर संख्या तीन कोटींहून अधिक भरते. १९०४ चें जपानशीं युद्ध, १९१४ चें महायुद्ध, १९१७ ची क्रांति, त्यामागून आलेलें यादवी युद्ध आणि १९४१ चें जर्मन आक्रमण, ह्या सर्वांत एकाच घराण्याची ही बंदूक शेतकऱ्यांच्या पोरांनीं खांद्यावर वाहिली.

संग्राहकाला तिच्याविषयीं जें आकर्षण वाटतें तें केवळ रक्ताचें आकर्षण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. ताऱ्यांतला बाण दिसला कीं तुला, त्रिकोणांतला बाण दिसला कीं इझेव्हस्क, हें तो ओळखतो. झारचा दुतोंडी गरुड क्रांतीनंतर घांसून काढलेला त्याला दिसतो. फिनलंडनें रशियन रायफलींचेच मुख्य भाग घेऊन त्यांवर आपल्या नळ्या चढविल्या. अशा एखाद्या बंदुकीवर झारशाहीचा ठसा आणि फिनिश सैन्याचीं अक्षरें शेजारीं शेजारीं नांदतात. एका लोखंडाच्या तुकड्यावर दोन राष्ट्रांचा इतिहास वाचणें हा ज्ञानाचाच आनंद आहे, आणि ज्ञानाच्या आनंदाला आपण सहसा क्षमा मागावयास लावीत नाहीं.

तथापि दुर्बिणीपाशीं आल्यावर हा आनंद इतका निष्पाप राहत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत रशियानें ह्या रायफलींवर चौपट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणी बसविण्यास प्रारंभ केला. पुढें १९४२ पासून ‘पे-ऊ’ ह्या रशियन आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी साडेतीन पट शक्तीची, सुमारें १७ सेंटिमीटर लांबीची सुटसुटीत दुर्बीण मोठ्या प्रमाणावर आली. तिच्यासाठीं बोल्टचा सरळ दांडा खालीं वांकवावा लागे, नाहीं तर तो वर उचलतांना दुर्बिणीला अडे. दुर्बीण वर आडवी आल्यामुळें पांच काडतुसें एकदम खालीं ढकलण्याची सोय नाहींशी होई आणि एक एक काडतूस हातानें भरावें लागे. कांचेंतून पाहिलें कीं खालून वर आलेला एक टोकदार खांब आणि दोन्ही बाजूंस दोन आडव्या रेषा दिसतात. खांबाचें टोक जेथें टेकेल तेथें गोळी जावयाची.

साधा शिपाई एका रांगेवर, एका खंदकावर, धुरांतल्या हालचालीवर गोळी झाडतो. आपल्या गोळीनें कोण पडलें हें त्याला बहुधा कळत नाहीं, आणि न कळणें ही युद्धानें त्याच्यावर केलेली एक क्रूर दया असते. दुर्बीण ही दया काढून घेते. ती अंतर कमी करते, म्हणजेच शत्रूला चेहरा देते. स्वेतलाना अलेक्सिएविच ह्या बेलारूसच्या लेखिकेनें सोव्हिएत स्त्रीसैनिकांच्या आठवणी गोळा करून १९८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. त्यांत एका नेमबाज स्त्रीची आठवण आहे. पहिल्यांदां नेम धरला तेव्हां दुर्बिणींतून तो जर्मन अधिकारी इतका जवळ दिसला कीं हा शत्रु असला तरी माणूस आहे, हा विचार तिच्या मनांत आला आणि हात कांपूं लागले. तिनें गोळी झाडली, तो पडला, आणि त्यानंतर तिचा कंप अधिकच वाढला. १९४३ सालीं स्त्री-नेमबाजांसाठीं निघालेल्या मध्यवर्ती शाळेंतून हजाराहून अधिक मुली शिकून रणांगणावर गेल्या. त्यांतल्या कितीजणींनीं हा कंप अनुभवला असेल ह्याची नोंद कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. नोंद आहे ती बळींच्या संख्येची.

संग्राहक आज तीच कांच डोळ्याला लावतो. त्याला समोर अंगणांतलें झाड दिसतें, आणि तो म्हणतो, ‘किती स्वच्छ दिसतें!’ हें उद्गार मला भयंकर वाटत नाहींत; पण अपुरे वाटतात.

संग्राहकाच्या बाजूनें तीन समर्थनें सांगितलीं जातात. पहिलें असें कीं हीं शस्त्रें आतां मृत आहेत. तलवार जशी भिंतीवर टांगावी तशी हीहि टांगावी. परंतु वस्तुस्थिति ह्याला दुजोरा देत नाहीं. १८९१ सालीं ह्या रायफलीबरोबर आलेलें काडतूस आजहि मशीनगनींत वापरलें जातें. आणि २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धांत डोनेत्स्क भागांतून सक्तीनें भरती केलेल्या माणसांच्या हातीं ह्याच रायफली दिलेल्या दिसल्या. ज्या वर्षीं संग्राहकाच्या कपाटांत ती ‘प्राचीन वस्तु’ होती, त्याच वर्षीं एका भेदरलेल्या मनुष्याच्या हातीं तें चालू शस्त्र होतें. शस्त्राचें प्राचीनत्व त्याच्या वयावर अवलंबून नसतें. तें कोणाच्या हातीं आहे ह्यावर असतें.

दुसरें समर्थन न्याय्य युद्धाचें. ल्युदमिला पावलिचेन्को हिच्या नांवावर ३०९ बळींची नोंद आहे; वासिली झाइत्सेव्हच्या नांवावर स्टालिनग्राडमधील २२५. ज्यांच्या देशावर नाझी फौजा चालून आल्या, ज्यांचीं गांवें जाळलीं गेलीं, त्यांनीं शस्त्र उचललें ह्यांत अधर्म होता असें कोणता शहाणा मनुष्य म्हणेल? हें समर्थन भक्कम आहे. मात्र तें त्या माणसांचें समर्थन आहे, बंदुकीचें नव्हे. कारण ह्याच घराण्याची रायफल घेऊन सोव्हिएत फौजा १९३९ च्या नोव्हेंबरांत लहानशा फिनलंडवर चालून गेल्या होत्या. त्यांच्यासमोर सिमो हायहा नांवाचा शेतकरी उभा राहिला. शंभराहून कमी दिवसांत त्याच्या नांवावर ५०० हून अधिक बळी लागले. त्याच्या हातींहि मोसिनच्याच वंशाची फिनिश रायफल होती, आणि तिच्यावर दुर्बीण नव्हती. १९४० च्या मार्चमध्यें एका गोळीनें त्याचा जबडा फोडला. तो वांचला आणि २००२ पर्यंत जगला. आक्रमक आणि संरक्षक दोघांच्याहि हातीं एकाच जातीचें हत्यार असेल, तर त्या हत्याराला पुण्यवान कसें म्हणावें? पुण्य असेल तर तें धरणाऱ्याच्या हेतूंत. आणि हेतु लोखंडाबरोबर विकत घेतां येत नाहीं.

तिसरें समर्थन स्मरणाचें, आणि माझ्या मतें खरें समर्थन हेंच. वस्तु जपली तर इतिहास जपला जातो. परंतु हें समर्थन जो पुढें करतो त्याच्यावर एक जबाबदारी येते: स्मरण खरें असलें पाहिजे. येथें संग्राहकाच्या व्यवहाराकडे बारकाईनें पाहावें लागतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर एवढ्या नेमबाज-रायफलींची गरज उरली नाहीं. अनेकींवरील दुर्बिणी काढल्या गेल्या, त्यांचीं भोंकें स्क्रूंनीं बुजविलीं गेलीं आणि त्या रायफली पुन्हा साध्या शिपायाच्या हत्यारांत जमा झाल्या. कित्येकींवर दुर्बिणीचा जुना क्रमांक मात्र कोरलेला राहिला. पुढें सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतला हा माल अमेरिकेच्या बाजारांत शंभर डॉलरांच्या आंत मिळूं लागला, आणि मग साध्या रायफलीपेक्षां दुर्बिणीच्या रायफलीला कितीतरी अधिक किंमत आली. तेव्हां कोणी त्या बुजविलेल्या भोंकांतले स्क्रू काढून नवी दुर्बीण बसविली. कोणी तर जी रायफल कधींच नेमबाजाची नव्हती तिलाच भोंकें पाडून, क्रमांक ठोकून, ‘अस्सल’ म्हणून विकली.

खोटा क्रमांक ठोकणारा लबाड आहे हें सांगण्यास नीतिशास्त्र नको. अवघड प्रश्न पहिल्याचा आहे. बुजविलेलें भोंक उघडून रायफलीला तिचें ‘मूळ रूप’ देणारा प्रामाणिक मनुष्य काय करतो? तो म्हणतो, ‘मी पुनःस्थापना करतों.’ पण तो स्क्रूहि इतिहासच होता. ही बंदूक एकेकाळीं चेहरे निवडून मारीत होती आणि एके दिवशीं तिचें तें काम थांबलें, ह्याची ती एकमेव साक्ष होती. ती साक्ष पुसून तो रायफलीला तिच्या सर्वांत घातक क्षणाकडे परत नेतो, आणि त्यालाच तिचें खरें स्वरूप मानतो. इतिहासाच्या अनेक थरांतून जो थर अधिक थरारक किंवा अधिक किमती तोच निवडणें हें स्मरण नव्हे. ती आवडनिवड आहे.

ही आवडनिवड राष्ट्रेंहि करतात. झाइत्सेव्हची रायफल व्होल्गोग्राडच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे, आणि तें योग्यच आहे. पण एका नामांकित जर्मन नेमबाजाशीं त्याचें द्वंद्व झाल्याची जी कथा जगभर गाजली, तिची खूण म्हणून मॉस्कोच्या सैन्य-संग्रहालयांत एक जर्मन दुर्बीणहि मांडण्यांत आली. इतिहासकार अँटनी बीव्हर ह्यांनीं तत्कालीन सोव्हिएत अहवाल तपासले तेव्हां त्यांत त्या द्वंद्वाचा उल्लेख त्यांना आढळला नाहीं. दुर्बीण खरी, कांच खरी. तिच्याभोंवतीं रचलेली गोष्ट मात्र संशयास्पद. वस्तु स्वतः खोटें बोलत नाहीं, पण जी गोष्ट तिच्या गळ्यांत बांधावी ती गोष्ट ती मुकाट्यानें वाहते. म्हणूनच वस्तु जपणाऱ्याची जीभ अधिक सावध असली पाहिजे.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, आणि ज्या घरांत तलवार नाहीं तेथें कोयत्याला नि सुरीला गंधफूल मिळतें. त्यावरून शस्त्रप्रेम आपल्या संस्कृतींतच आहे असें कोणी म्हणेल. पण दसऱ्याच्या शमीची जी कथा आपण मुलांना सांगतों तिचा एक भाग बहुधा गाळतों. अज्ञातवासाला निघतांना पांडवांनीं शमीवर नुसतीं शस्त्रें ठेवलीं नाहींत. त्यांच्याबरोबर एक प्रेतहि झाडाला बांधलें, म्हणजे लोक दुरूनच परततील. युक्ति व्यवहाराची होती, परंतु तिच्यांतून एक सत्य सहज बाहेर पडलें आहे: शस्त्र आणि प्रेत हीं एकाच फांदीवर असतात. पूजा करणाऱ्यानें शस्त्र पाहिलें आणि प्रेत पाहिलें नाहीं, तर त्यानें अर्धीच फांदी पाहिली.

तेव्हां शस्त्रांचा संग्रह करूं नये असें मी म्हणणार नाहीं. हीं शस्त्रें नष्ट केल्यानें एकहि मेलेला परत येणार नाहीं, आणि तो कसा मेला हें सांगणारा एक साक्षीदार मात्र कमी होईल. पण साक्षीदार संभाळणाऱ्याचा धर्म निराळा असतो. शस्त्र कुलुपांत आणि कायद्याच्या मर्यादेंत असावें, हा त्याचा अगदीं पहिला भाग. त्यावरचा कोणताहि व्रण किमतीसाठीं पुसूं नये, हा दुसरा. आणि तिसरा असा कीं पाहुण्याला किंवा आपल्या मुलाला ती दुर्बीण दाखवितांना तिची शक्ति, तिचें साल, तिचा कारखाना एवढेंच सांगून थांबूं नये. ती डोळ्याला लावून कोणीतरी कोणाचा तरी चेहरा पाहिला होता, हेंहि सांगावें. हें वाक्य उच्चारतांना ज्याचा आवाज अडखळतो त्याच्या हातीं हीं शस्त्रें राहण्यास हरकत नाहीं. ज्याला हें वाक्य सुचतच नाहीं, त्यानें खुशाल नाणीं जमवावींत.