पॅड बांधून बसलेला

झाडाला फळ धरले नाही, म्हणून त्याला घातलेले पाणी वाया गेले असे म्हणावे काय? प्रश्न जुना आहे, आणि त्याचे ठरीव उत्तरही आपल्यापाशी तयार असते: निष्काम कर्म. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याच्या पदरात फळ पडले आहे तोच बहुधा हे उत्तर रिकाम्या पदराच्या माणसाला ऐकवीत असतो. म्हणून त्या उत्तरावर विसंबण्याआधी एका माणसाची हकिकत पाहू.

१९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना चालला होता. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यानंतर खेळायला जायचे म्हणून तेरा वर्षांचा एक मुलगा पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार.

पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात मुझुमदारांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो जागतिक विक्रम २०१८ पर्यंत टिकला. २००६-०७ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि तीस शतके त्यांच्या नावावर जमा झाली. पण द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या त्या काळात भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. २०१४ साली त्यांनी बॅट ठेवली आणि शिकवण्याची वाट धरली. २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे ते प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्या संघाने विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली.

त्या मध्यरात्री आमच्या बदलापूर गावातही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात जो तो म्हणत होता, ‘बघा, शेवटी न्याय झाला!’

मला हे पटत नाही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्ज ८२ वर असताना तिचा एक सोपा झेल सुटला. तिने नाबाद १२७ धावा करून सामना जिंकून दिला. तो झेल हातात बसता, तर मुझुमदारांची सारी वर्षे मातीमोल ठरली असती काय? एका झेलावर ज्याचा कौल फिरतो त्याला दैव म्हणावे, न्याय म्हणू नये. खेळाडू म्हणून जे हुकले ते हुकलेच. चषकाने त्याची भरपाई होत नाही.

मग उरले काय? उरली ती समजूत. हीच जेमिमा त्याच स्पर्धेत एका सामन्यातून वगळली गेली होती. अंतिम सामन्यात ८७ धावा करणारी शफाली वर्मा तर मूळ संघात नव्हतीच. जायबंदी झालेल्या प्रतिका रावलच्या जागी ती आयत्या वेळी आली, आणि विजयाच्या रात्री प्रतिका चाकाच्या खुर्चीत होती. बाहेर बसणे म्हणजे काय, हे ज्याला कुणी सांगावे लागत नाही, असा माणूस या मुलींच्या पाठीशी होता. त्यामुळेच त्या जिंकल्या, असे मी म्हणत नाही. पण तो चषक हुकला असता तरी ही समजूत कुणी हिरावून नेली नसती.

आमच्या शाळेतल्या एका मुलाने मला विचारले होते, ‘सर, संघात नंबर लागणारच नसेल तर रोज यायचे कशाला?’ ‘लागेल रे एक दिवस,’ असे म्हणणे सोपे होते. पण ते खोटे ठरण्याचा संभव मोठा. मी म्हटले, ‘नंबराची हमी मी देत नाही. रोज आलास तर खेळ कळेल, आणि कळलेला खेळ तुझाच राहील. यायचे की नाही, ते तू ठरव.’

एवढ्याने माझे काम मात्र संपत नाही. निवड ज्यांच्या हाती असते, त्यांनी बाहेर बसलेल्याच्या सोशिकपणाची वाखाणणी करून स्वतःची सुटका करून घेऊ नये. सरावात त्यालाही बॅट मिळावी, त्याचेही नाव हाक मारून घेतले जावे, एवढे तर आपल्या हातचे आहे. फळ कुणाच्या वाट्याला येईल ते आपण ठरवू शकत नाही. पाणी घालणाऱ्याला ओळख देणे मात्र आपले काम आहे.