अंगठी विकण्याआधी

प्रिय मधुरा,



फोनवर तू म्हणालीस, "मावशी, साखरपुड्याची अंगठी आता घरात नको. कुठे विकू तेवढं सांग, बाकी काही विचारू नकोस." बाकी काही विचारत नाही. हिऱ्यांच्या पेढीवर पारख करण्यात माझी हयात गेली, तेव्हा निदान या एका प्रश्नाचं उत्तर तुला नीट द्यायला हवं.

आधी कागद बघ. तुझा घटस्फोट परस्पर संमतीने होत असेल तर संमतीच्या अटींत दागिन्यांचं काय ठरलंय ते वकिलांकडून समजून घे. अंतिम हुकूम हातात येईपर्यंत अंगठीला हात लावू नकोस. लग्नानिमित्त बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन आणि त्यावर मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण हिरा सासरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असेल, तर बाजारात जाण्याआधी वकिलांमार्फत त्यांनाच विचार. त्यांच्या लेखी त्याचं जे मोल आहे ते कुठल्याच दुकानदाराच्या लेखी असणार नाही, म्हणून कदाचित भावही तिथेच बरा मिळेल.

आता अंगठीकडे बाजाराच्या नजरेने बघ. बाजारात अंगठी अशी काही वस्तू नसते. सोनं वेगळं आणि दगड वेगळा. समज, तुझी अंगठी 18 कॅरेटची, एकूण 4 ग्रॅम, आणि हिरा अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे 50 सेंटचा. हिऱ्याचं एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, तेव्हा हिऱ्याचं वजन झालं 0.1 ग्रॅम. राहिलं 3.9 ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं पाऊण हिस्सा, 2.9 ग्रॅमच्या जरा वर. त्या दिवसाच्या भावाने याचा हिशेब तू घरीच करू शकतेस. सोन्याचं असं सरळ असतं. सगळी गुंतागुंत असते ती दगडाची.

दुकानाने अंगठी विकली तेव्हा त्या किमतीत घडणावळ होती, दुकानाचा नफा होता, वर 3 टक्के जीएसटी होता. यातलं काहीच परत येत नाही. शिवाय तुझ्याकडून हिरा घेणाऱ्या व्यापाऱ्याला तसाच हिरा सुरतेहून घाऊक भावात आणि उधारीवरही मिळतो. तो तुला त्याहून जास्त का देईल? हिरा चिरंतन असतो ही जाहिरात डी बीअर्स या हिरे कंपनीसाठी 1947 साली लिहिली गेली आणि जगभरच्या साखरपुड्यांत जाऊन बसली. चिरंतन म्हटलेली वस्तू लोक सहसा परत विकायला काढत नाहीत, आणि म्हणूनच परतीचा भाव किती खाली असतो हे घरोघरी कुणाला माहीत नसतं. पहिला आकडा ऐकून बहुतेक बायकांचा चेहरा पडतो. तो आकडा बाजाराचा आहे. तुझ्या संसाराची किंवा तुझी किंमत त्यात कुणी मोजलेली नाही, हे घरून निघतानाच मनाशी पक्कं कर.

आता जागा. पहिली जागा म्हणजे अंगठी जिथून घेतली ते दुकान. हिरा लहान असेल, किंवा एका मोठ्याऐवजी पुष्कळ बारीक हिरे असतील, तर बहुधा इथेच सगळ्यात बरं मिळतं, कारण आपला माल परत घेण्याची काही बोली त्यांनी केलेली असते. मूळ बिल आणि सर्टिफिकेट घेऊन जा आणि दोन प्रश्न विचार. बदली दागिना घेतला तर किती आणि रोख हवी असेल तर किती? टक्के धरता ते बिलावरच्या किमतीवर की आजच्या भावावर? बदलीचा आकडा नेहमी मोठा असतो, आणि त्या मोहाने नको असलेला दागिना घरी येतो. तुला पैसे हवे असतील तर पैशांवर ठाम राहा.

दुसरी जागा सराफाची. पुण्यात लक्ष्मी रोड, कोल्हापुरात गुजरी, मुंबईत झवेरी बाजार. इथे मोड म्हणून गेलं तर पैसे सोन्याचेच मिळतात आणि हिरा हिशेबाबाहेर राहतो. तेव्हा हिरा काढून तुझ्या हातात देतील, हे आधी कबूल करून घे. सोनं तारण ठेवून कर्ज काढलंस तरी हेच. तिथेही दगडाचं वजन वजा करतात.

तिसरी जागा हिऱ्याच्या व्यापाऱ्याची. हिरा कॅरेटच्या आसपास किंवा मोठा असेल, नैसर्गिक असेल आणि जीआयए या तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट असेल, तरच ही वाट धर. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या हिऱ्यांच्या धंद्याचा मोठा भाग 2010 नंतर बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला. तिथे बाहेरच्या माणसाला सहज शिरता येत नाही. ओळखीचा दलाल लागतो. भाव रॅपापोर्टच्या भावपत्रकावरून किती टक्के खाली, अशा भाषेत बोलला जातो. दलाल हिरा दाखवायला नेतो तो जांगडवर, म्हणजे पसंत पडला तर पैसे, नाहीतर माल परत. या धंद्यात जांगड विश्वासावर चालते खरी, पण तुझ्या हातात चिठ्ठी हवीच: वजन, रंग, शुद्धता, सर्टिफिकेटचा नंबर, ठरलेला भाव, परतीची तारीख आणि सही.

चौथी वाट थेट गिऱ्हाइकाची. भाव इथे सगळ्यात चांगला मिळू शकतो, पण वेळ लागतो आणि जोखीमही आहे. भेट बँकेत किंवा ओळखीच्या सराफाच्या दुकानात ठेव, घरी कुणाला बोलावू नकोस. पैसे पाठवतो म्हणून कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबव; पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

हिरा प्रयोगशाळेत तयार केलेला आहे का, हेही सर्टिफिकेटवर बघ. असेल तर परतीचा भाव जवळजवळ नसतोच, कारण नव्या मालाच्याच किमती गेल्या काही वर्षांत कोसळल्या आहेत. कागद नसेल तर साध्या पेनसारख्या टेस्टरवर विसंबू नकोस. त्याला नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला, दोन्ही हिरे सारखेच दिसतात. तपासून घ्यायला मुंबईत जीआयए आणि आयजीआय, दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा आहेत.

या चारांतली कुठलीही जागा निवड, पण तिची परीक्षा एकाच गोष्टीने घे: तिथला माणूस काय बघतो आणि काय लिहून देतो. चांगला पारखी अंगठी हातात घेतल्या घेतल्या भाव बोलत नाही. आधी ती धुतो, कारण साबणाचा नि क्रीमचा थर हिऱ्याच्या पाठीला बसून तो मंद दिसतो. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली हिऱ्याची कड फिरवत लेझरने कोरलेला बारीक नंबर शोधतो आणि तुझ्या कागदाशी ताडून बघतो. पकडीखाली टवका उडालाय का, तेही बघतो. कोंदणातल्या हिऱ्याचं वजन काट्यावर कळत नाही, म्हणून व्यास मोजतो. गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असला तर कॅरेटभर समजावा. हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. अंगठी आतल्या खोलीत न्यायची म्हणाले तर तिथून ऊठ. भाव सांगताना सोन्याचा वेगळा आणि हिऱ्याचा वेगळा लिहून मागून घे. लिहून द्यायला जो काचकूच करतो, त्याने सांगितलेला आकडा कितीही मोठा असो, ती तुझी जागा नव्हे.

व्यवहार बँकेतूनच कर आणि रक्कम एकट्या तुझ्या नावाच्या खात्यात जाऊ दे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच मना आहे. क्वचित नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, आणि भेट आलेल्या दागिन्याला देणाऱ्याची खरेदी किंमत धरतात. म्हणून जुनं बिल सीएला दाखवून ठेव.

एक कळकळीने सांगते. या व्यवहारात बाई सगळ्यात जास्त हरते ती घाईमुळे. डोळे भरलेले, सोबत चिडलेले वडील किंवा भाऊ, "किती देता ते द्या आणि मोकळं करा" हे शब्द. एवढ्यावरच समोरच्याला लूप न लावताच भाव पाडता येतो. अंगठी नजरेसमोर नको असेल तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. तीन ठिकाणचे लेखी भाव जमव, घरी येऊन शेजारी शेजारी मांड, आणि मग ठरव. परवडत असेल तर वर्षभर न विकणं हाही एक निर्णय आहे.

सोबत हवी असेल तर मी येईन. दुकानात बोलशील मात्र तू, आणि कागदावर सहीही तूच वाचून करशील. अंगठी तुझी आहे, व्यवहारही तुझाच व्हायला हवा.

तुझी,
सुमनमावशी