विंदांची भाषांतरे आणि आपली मुले

संस्कृती जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पैनगंगेच्या या तीरावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना टाळता येत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपल्या घरांत दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, मराठी जपा, बाकीचे पोटापुरते शिका. दुसरे म्हणते, मराठीने पोट भरत नाही, ती सोडा. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच : भाषा म्हणजे वाटणीतली जमीन, एकीला दिली की दुसरीची घटली.

ही समजूत विंदा करंदीकरांनी (१९१८-२०१०) खोटी ठरविली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेऊन तुरुंगवास सोसलेला हा कोकणचा कवी मुंबईत इंग्रजीचा प्राध्यापक होता. शिकविले इंग्रजी, पण कविता लिहिली मराठीत. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेचा 'फाउस्ट', शेक्सपिअरचा 'राजा लिअर' त्यांनी मराठीत आणले. 'अष्टदर्शने'त तर देकार्तपासून बर्गसाँपर्यंतचे सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आठवा आपला चार्वाक मराठी छंदात बोलू लागले. बाहेरचे ज्ञान घरात आल्याने मराठी बाटली नाही, तिची ऐपत वाढली.

पण याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. विंदांवर मार्क्सच्या विचारांचा प्रभाव होता. तरीही ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'चे अर्वाचीनीकरण त्यांनीच केले. ज्ञानदेव आणि चार्वाक यांच्या वाटा किती भिन्न! दोघांनाही एकाच माणसाने आस्थेने बोलते केले. भाषांतर करणाऱ्याला दुसऱ्याचे म्हणणे आधी पुरते समजून घ्यावे लागते; मग पटो वा न पटो. माझ्या मते शिक्षण म्हणजे मुळात हेच.

कोणी म्हणेल, विंदा प्रतिभावंत होते. आमच्या मुलाला नोकरी हवी आहे आणि ती तेलुगू-इंग्रजीत मिळते. हा आक्षेप खोटा नाही. पण मग आपली मुले तेलुगू तरी किती खोल शिकतात? बाजारापुरती, परीक्षेपुरती. शेजारच्या करीमनगर भागातल्या सी. नारायण रेड्डींचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. त्यांनाच पुढे तेलुगू काव्यासाठी १९८८ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आपल्यातल्या कितींनी त्यांची एक तरी कविता वाचली आहे? ज्या गोंड आणि कोलाम बांधवांच्या शेजारी आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो, त्यांच्या बोलीतली एखादी कथा तरी आपल्या मुलांना सांगता येते काय? शेजाऱ्याच्या भाषेला दार लावून घेणारा स्वतःच्या भाषेचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगणार?

उपाय मोठा नाही. मुलाचे माध्यम कोणतेही असो. आठवड्यातून एकदा शाळेतला एखादा धडा त्याला आजीला मराठीत समजावून सांगू द्या. विज्ञानाचा असो, इतिहासाचा असो, वेमनाच्या पद्याचा असो. जिथे तो अडखळेल, तिथे त्याला शब्द तरी माहीत नसेल किंवा धडाच कळला नसेल. शब्द आजी देईल. धडा कळला नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याने तो गुरुजींना पुन्हा विचारावा.