पोटाचे चार उद्योग आणि एक निष्ठा

आपल्या संतमंडळीत गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, नरहरी सोनारकाम करीत. ज्याचे त्याचे एक काम आणि त्या कामातच नाम. यावरून कोणी विचारतात, "जो चार ठिकाणी हात घालतो त्याला समाधान कुठले? हा लोभच नव्हे काय?" शंका वरवर खरी वाटते. ती डिंभ्याच्या काठी नेऊन पाहावी.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे कुकडी प्रकल्पाचे धरण झाले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. महादेव कोळी कुटुंबांची नदीकाठची जमीनही बुडाली. पुष्कळजण वर डोंगराच्या अंगाला राहिले. त्यांचा संसार कसा चालतो? पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. पडकईच्या रीतीने एकमेकांना हात देऊन दगड रचायचे आणि उतारावर खाचर काढायचे. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवायचा. जलाशय ओसरला की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची. होडी-जाळे घेऊन मासे धरायचे. त्यासाठी आदिवासींनी सहकारी सोसायटी काढली. या कामी साह्य करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एवढ्यानेही भागले नाही, तर नारायणगावकडे मजुरीला जायचे.

आता सांगा, यात लोभ कोणता? ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. जून २०२० च्या निसर्ग वादळाने हिरड्याचे नुकसान केले. धरणाचे पाणी केव्हा सोडायचे, हे गाळपेर करणाऱ्याच्या हाती नसते. एकाच दोरीवर लोंबकळणाऱ्याची ती दोरी तुटली तर तो दरीतच जायचा. लोभी माणूस एका पोटासाठी चार पोटांचे मागतो. हा गरीब एका पोटाचेच चार वाटांनी मागतो. खूण एवढीच की, पोट भरल्यावर हात थांबतो की नाही. तुकोबांच्या घरीही शेती होती आणि वाणीपणही होते. उद्योग अनेक असले म्हणून निष्ठा फुटत नाही.

माळकऱ्याला मासेमारीचे नाव अवघड वाटेल. वाटू द्या; आपला नेम आपण पाळावा. पण देव ज्यांच्या कामाला हात लावतो, अशा भक्तांत तुकोबांनी सजन कसायाचेही नाव घेतले आहे, हे विसरू नये. ज्याचे शेत बुडाले, त्याने त्याच पाण्यातून घास काढला, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण?

आणखी एक. समाधान हे स्वतःला सांगायचे औषध आहे. ज्याच्या जमिनीवर पाणी साठवून पुणे, नगर, सोलापूरकडची राने भिजतात, त्याला "आहे त्यात सुख मान" म्हणणे हा परमार्थ नव्हे, निर्दयपणा आहे. खालच्यांनी त्याच्या मजुरीचा आणि हिरड्याचा रास्त दाम द्यावा. काठच्या जमिनीवर आणि माशावर त्याचा हक्क आधी, हे मानावे.

घोड पुढे भीमेला मिळते, आणि भीमा पंढरीत चंद्रभागा होते. तिथे बुडी मारताना वर कोणाचे काय बुडाले, याची आठवण ठेवावी. ती राहिली तर स्नान खरे.