पुन्हा तेच, की तसेच दुसरे?

स्टीव्ह राईश या अमेरिकी संगीतकाराच्या ‘ड्रमिंग’ या रचनेत तासभर एकच लयबंध फिरत राहतो. राईश १९७० साली घानात तिथले ड्रमवादन शिकले आणि १९७१मध्ये ही रचना त्यांनी पूर्ण केली. आरंभी बाँगोंवर, बारा मात्रांच्या आवर्तनात, एकच आघात पडतो. मग रिकाम्या जागा एकेक करून भरत जातात. लयबंध पुरा झाला की एक वादक गती किंचित वाढवतो, जोडीदाराच्या पुढे सरकतो आणि तिथे स्थिरावतो. पुढे हेच मरिंबा व ग्लॉकेनश्पील या वाद्यांवर घडते.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना वाद कानांनी अनुभवता येतो : पुन्हा आलेला ध्वनी तोच असतो, की तसाच दुसरा? मीमांसा दर्शनाच्या मते वर्ण, म्हणजे अक्षराचा ध्वनी, नित्य असतो. उच्चाराने तो फक्त प्रकट होतो, म्हणून ‘हा तोच ग’ अशी ओळख पटते. न्याय दर्शनाचे नैयायिक म्हणतात, ध्वनी उपजतो आणि नाश पावतो. ओळख पटते ती सारखेपणामुळे. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने पुनरावृत्तीची वेगळी बाजू दाखवली. तिने वस्तूत काही बदलत नाही, बदलते ते अनुभवणाऱ्याचे मन.

‘ड्रमिंग’ ऐकताना आधी ह्यूमच पटतो. हात तेच वाजवतात, कान मात्र आवर्तनाची सुरुवात कधी इथे धरतो, कधी तिथे. पण तेवढ्याने भागत नाही. सरकलेले लयबंध एकमेकांत गुंतले की कोणताही एक वादक वाजवत नसलेले आकृतिबंध ऐकू येऊ लागतात. त्यांना मनाचा खेळ म्हणावे, तर मरिंबाच्या भागात स्त्रियांचे आवाज तेच आकृतिबंध उचलून हलकेच गातात आणि विरून जातात. आवाज थांबल्यावरही ते नुसत्या वाद्यांतून स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे ते ध्वनीत होतेच, फक्त लक्ष गेल्यावर प्रकट झाले. मीमांसकांचा सिद्धांत वर्णांविषयीचा आहे. तरी ‘प्रकट होणे’ ही त्यांची कल्पना या अनुभवाला सर्वांत जवळची आहे.

अशा श्रवणाला अनेकदा तंद्री म्हटले जाते. ते चूक आहे. तंद्रीत बारीक फरक निसटतात, इथे तर तेच ऐकायचे असतात. राईश यांनी १९६८च्या एका निबंधात लिहिले होते की, सावकाश उलगडणारी प्रक्रिया ऐकताना लक्ष ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यावरून हटून त्या प्रक्रियेकडे वळते. हा मीपणाचा विसर लक्ष एकवटल्याने पडतो, जाणीव मंदावल्याने नव्हे.