आडनावाला शोभेल असे नाव

पेडणे तालुक्यातील एका घरी आम्ही प्रार्थनेस गेलो असता बाळाच्या नावाची चर्चा चालली होती. आजीला 'योहान' हवे होते. सून म्हणाली, "आई, योहान गावकर कानाला बरे लागत नाही. सुहास गावकर कसे गोड वाटते!"

तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादींत बाप्तिस्म्याबरोबर आडनावही पोर्तुगीज झाले, म्हणून तेथे ही अडचण सहसा येत नाही. पेडणे व डिचोली १८ व्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेली. तेथे बहुतेक जुनी आडनावे टिकली.

गोड नाव ठेवण्यात पाप नाही. रेव्ह. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही नारायणच राहिले. पुत्र देवदत्त, नातू अशोक. त्यांचे ख्रिस्तीपण नावावाचून कोठे अडले? लूकच्या पहिल्या अध्यायात अलीशिबेच्या नातलगांनाही 'योहान' कुळाशी जुळेना. जखऱ्याने पाटीवर लिहिले आणि वाद मिटला. मात्र तेथे नाव देवदूताने सांगितले होते. आमच्या आजीला तसे कोणी सांगितले नव्हते, हेही खरे.

पण निघताना सून हळूच म्हणाली, "शाळेत पोराला कोणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारू नये, एवढेच."

मग हा कानाचा प्रश्न राहिला नाही. आवडीने ठेवलेले सुहास आणि लपण्यासाठी ठेवलेले सुहास, ही आम्हास दोन निराळी नावे वाटतात. आम्ही तसे तिला सांगितले.

ती रागावली नाही. म्हणाली, "काका, तुमचेही नाव शास्त्रातले नाही. ते कशासाठी ठेवले होते?"

आमच्या आईला आम्ही हे कधी विचारले नव्हते.